तेरावी पायरी: पुरानंतर घेतलेल्या ऑनलाइन थेरपीचा अनुभव

22 जुलै 2021 च्या पहाटे मी आमच्या जिन्यात बॅटरी घेऊन पायऱ्या मोजत बसलो होतो. चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं खाली स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, वर घर, मध्ये सतरा पायऱ्या. लाईट गेलेली, मोबाईलला रेंज नाही. वाशिष्ठी नदीचं पाणी एकेक पायरी घेत वर येत होतं. वर आई देवापुढे बसलेली, बायको कागदपत्रं पिशव्यांत भरत होती. तेराव्या पायरीवर पाणी थांबलं. ते तिथे थांबलंय याची खात्री पटायला मला आणखी दोन तास लागले.

26 जुलै 2005 चा पूरही मी पाहिला होता, पण तेव्हा तिशीत होतो आणि दुकान वडिलांचं होतं. या वेळी दोन झेरॉक्स मशीन, शाळेच्या हंगामाचा सगळा माल आणि वर्षांचे हिशेब गेले. राहिला तो गुडघाभर चिखल. तो वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. आठ-दहा दिवस चिखल उपसला, कर्ज काढलं, दिवाळीपर्यंत दुकान उभं केलं. लोक पाठ थोपटायचे. मलाही वाटलं, आपण यातून निघालो.

पुढच्या जूनमध्ये पाऊस लागला आणि मला झोप लागेनाशी झाली. रात्री तीनच्या सुमारास जाग यायची. उठायचं, अंधारात जिना उतरायचा आणि खालची पायरी कोरडी आहे का ते अनवाणी पायाने बघायचं. वर येऊन पडायचं, अर्ध्या तासाने पुन्हा खाली. दिवसभर फोन हातात. किती मिलिमीटर पडला, कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलं का, भरती किती वाजता. चिपळूणकर ही तीन गणितं पावसाळ्यात करतोच, कारण वरून पाऊस, धरणाकडून येणारं पाणी आणि खाडीतून भरती एकत्र आली की नदीला जागा उरत नाही. पण मी ती दिवसाला चाळीसदा करत होतो. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. छातीत धडधड, हाताला घाम, आणि घरात कोणी काही बोललं की अंगावर जाणं. 2022 चा पावसाळा असा गेला. ऑक्टोबरात बरं वाटलं, म्हणून विषय सोडून दिला. 2023 च्या मे महिन्यात आभाळ भरून आलं त्या दिवशी मला दुकानातच उलटी झाली.

मुलगी पुण्याला नोकरी करते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कोणाशी तरी बोला. माझ्याशी नको, ज्यांचं ते काम आहे त्यांच्याशी." मी तिच्यावर ओरडलो. आमच्याकडे 'याला रत्नागिरीला न्यायला हवं' याचा अर्थ एकच होतो, तिथे सरकारी मनोरुग्णालय आहे. मला त्या वाक्याची भीती होती. पेठेत सगळे ओळखीचे, कोणा डॉक्टरच्या दारात दिसलो तर संध्याकाळपर्यंत बातमी होणार.

तरी एका रात्री मी 14416 ला फोन केला. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी मला वीसेक मिनिटं बोलू दिलं. नाव विचारलं, पण मी ते टाळलं तर आग्रह केला नाही. त्या म्हणाल्या, हे दोन वर्षं चाललंय, तर एका फोनने भागणार नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते तिथे जा, नाहीतर एखाद्या मानसशास्त्रज्ञाकडे नियमित सेशन घ्या, ऑनलाइनही मिळतात. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी ते कोणाला तरी पूर्ण सांगितलं होतं.

पहिला प्रयत्न फसला, हेही सांगायला हवं. एका ॲपवरून मी तीन सेशन घेतली. समोरचा तरुण मुलगा सभ्य होता, पण अर्धं इंग्रजीत बोलायचा आणि 'पॉझिटिव्ह राहा, दीर्घ श्वास घ्या' यापलीकडे गाडी जाईना. मी पुराचं सांगायला लागलो की त्याची नजर घड्याळाकडे जायची. मला वाटलं, थेरपी म्हणजे हेच, आणि मला तिचा उपयोग नाही. मुलीने पुन्हा शोधाशोध केली. तेव्हा मला कळलं की समुपदेशक म्हणवून घेणारे सगळे सारखे शिकलेले नसतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो नंबर मागता येतो आणि परिषदेच्या नोंदवहीत पाहता येतो. समुपदेशन करणारे बरेच जण मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे प्रशिक्षण घेतलेले असतात, तेही चांगलं काम करतात, पण शिक्षण किती, अनुभव कशातला, हे आपण आधी विचारावं. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार सायकियाट्रिस्टला, म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर त्या विषयात शिकलेल्या डॉक्टरला असतो. ज्या मॅडम मला शेवटी मिळाल्या त्या ठाण्याच्या, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मी शिक्षण विचारलं तेव्हा त्यांना राग आला नाही. उलट म्हणाल्या, "बरं केलंत विचारलंत."

फी 900 रुपये, पन्नास मिनिटांचं सेशन, आठवड्यातून एकदा. मेडिक्लेमचं विचारलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असं आहे, पण माझी पॉलिसी दवाखान्यात ॲडमिट झालं तरच पैसे देणारी. त्यामुळे खर्च खिशातून. एकूण चौदा सेशन झाली, 12,600 रुपये.

जागेचा प्रश्न मोठा होता. घरात आई, बायको, येणारेजाणारे. घराच्या वर आमचा पत्र्याचा माळा आहे, पुरानंतर निम्मा माल आम्ही तिथेच ठेवतो. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. म्हणून मंगळवारी दोन वाजता वह्यांच्या गठ्ठ्यांमध्ये प्लास्टिकची खुर्ची, समोर खोक्यावर उभा केलेला फोन, कानात इअरफोन. खिडकीपाशी तेवढी रेंज यायची.

पहिल्या सेशनला मला वाटलं होतं मी बोलेन आणि त्या उपाय सांगतील. त्या अर्धा वेळ नियमच सांगत होत्या. जे बोलाल ते माझ्यापाशीच राहील, घरच्यांनी विचारलं तरी सांगणार नाही. अपवाद एकच, तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर. कोणीही रेकॉर्डिंग करायचं नाही. यायचं नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं. कॉल तुटला तर पाच मिनिटं थांबून त्याच फोन करतील. शिवाय घरच्या एका माणसाचं नाव आणि नंबर, आणि मी बसलोय तिथला पूर्ण पत्ता. हे कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी ठाण्यात आहे. तुम्हाला काही झालं तर मला जिना चढून येता येणार नाही. कोणाला पाठवायचं ते मला माहीत हवं."

मग दोन प्रश्नावल्या आल्या, मराठीतच. एक सात प्रश्नांची, काळजी आणि अस्वस्थपणासाठी, दुसरी नऊ प्रश्नांची, उदासीसाठी. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढंच विचारतात, आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. पहिलीत 21 पैकी माझे 17 आले. 15 किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. दुसरीत 27 पैकी 13. या दुसरीतला नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल असतो. मी 'काही दिवस' वर खूण केली आणि पुढे गेलो, त्यांच्या लक्षात येणार नाही असं समजून.

त्यांनी पहिलं तेच विचारलं, आवाज न बदलता. "हे वाटतं तेव्हा नेमकं काय वाटतं?" मी सांगितलं, झोपलो तर उठूच नये असं वाटतं. "स्वतःला काही करायचा विचार येतो का? कसं करायचं हे ठरवलंय का?" तसं नव्हतं, मी नाही म्हणालो. पण इतकं थेट कोणी विचारल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर जे स्वतःशीही बोललो नव्हतो ते विचारून कोणी दचकलं नव्हतं. त्या दिवशी बाकी काही झालं नाही. आम्ही एक कागद लिहिला. तसं वाटायला लागलं की आधी काय करायचं, मग मुलीला फोन, ती नाही लागली तर मेव्हण्याला, मग 14416. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. दुसरं त्यांनी सांगितलं की आठवड्याच्या आत सायकियाट्रिस्टला प्रत्यक्ष भेटा. मी शेजारच्या तालुक्यात जाऊन भेटलो. डॉक्टरांनी साखर आणि थायरॉईड तपासायला लावलं, झोप आणि अस्वस्थपणासाठी गोळ्या दिल्या. त्या मी आठ महिने घेतल्या आणि डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी केल्या. गोळ्या आणि बोलणं दोन्ही सोबत चाललं.

खरं काम तिसऱ्या सेशनपासून सुरू झालं, आणि ते बरंचसं मंगळवार ते मंगळवारच्या मधलं होतं. दुकानातली दोनशेपानी वही घेतली, पाच रकाने आखले. काय घडलं, मनात काय आलं, शंभरात किती भीती वाटली, अंगात काय झालं, मी काय केलं. पहिल्या पानावरची नोंद अशी: 'रात्री 3.10. पाऊस जोरात. पाणी जिन्यात आलं असणार. 90. छाती धडधड, पोटात गोळा. खाली जाऊन पाय ठेवून बघितलं, कोरडं.' अशा आठवड्यात सव्वीस नोंदी. मॅडमनी त्या माझ्याकडूनच वाचून घेतल्या आणि विचारलं, "सव्वीसपैकी किती वेळा पायरी ओली होती?" एकदाही नाही. "मग खाली जाऊन बघितल्यावर भीती किती राहायची?" तीस. "आणि अर्ध्या तासाने?" पुन्हा नव्वद. मी स्वतःच थांबलो. बघून आल्याने भीती जात नव्हती, अर्ध्या तासासाठी उसनी शांतता मिळत होती, आणि तिची किंमत म्हणून पुढची फेरी घालावी लागत होती.

एक गोष्ट मला त्यांच्याविषयी फार मोलाची वाटते. पूर येणारच नाही, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. नातेवाईक तेच म्हणायचे आणि मला अजून एकटं वाटायचं, कारण पूर येतो हे मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही पूररेषेत राहता. तयारी करणं हे तुमचं शहाणपण आहे. आपण तयारी आणि भीती वेगळी करू." एक अख्खं सेशन आम्ही तयारीवर घालवलं. जूनच्या आधी खालचा कुठला माल माळ्यावर, कागदपत्रं कशात, विमा किती, मशीन उचलायला कोणाला बोलवायचं. वाशिष्ठीची इशारा पातळी 5 मीटर आणि धोक्याची 7. नदी इशाऱ्याला आली की माल हलवायचा, आईला माझ्या मावसभावाकडे न्यायचं. हे लिहून भिंतीला लावलं. मग ठरलं की आकडे दिवसातून तीनदाच बघायचे, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री नऊ, आणि तेही प्रशासनाने दिलेले. ग्रुप म्यूट. इशारा असेल तर गोष्ट वेगळी.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या रात्री मी पलंगाची कड धरून पडून होतो. त्यांनी सांगितलं होतं, उठायची ओढ लागली की घड्याळ बघा आणि दहा मिनिटं थांबा, मग हवं तर जा. भीती चढते, टेकडीसारखी एका ठिकाणी पोचते आणि उतरायला लागते, तुम्ही काही केलं नाहीत तरी. ती उतरते हे मला ऐकून पटलं नव्हतं. बाराव्या रात्री पटलं, कारण त्या रात्री दहाची वीस मिनिटं झाली आणि पुढचं आठवलं ते सकाळी दुधवाल्याची हाक.

मग आलं सगळ्यात कठीण. त्या रात्रीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, आत्ता घडतंय तशी, काहीही न गाळता. त्यांनी आधीच बजावलं होतं की यानंतर दोन-तीन दिवस त्रास वाढेल, तेव्हा पुढचे दिवस मोकळे ठेवा. मी आदल्या दिवशी कळवलं की दुकानात गर्दी आहे, येत नाही. पुढच्या मंगळवारी त्यांनी विचारलं, "गर्दी होती की टाळलंत?" मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "मग आज कुठपर्यंत जमेल?"

त्या दिवशी पाऊस कोसळत होता. पत्र्यावर पावसाचा आवाज असा की इअरफोनमधलं ऐकू येईना. मी म्हणालो, मॅडम, आज राहू दे, काही ऐकूच येत नाही. त्या दोन क्षण गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मला येतंय ऐकू. हाच आवाज होता का त्या रात्री?" माझ्या अंगावर काटा आला. हाच होता. त्यांनी फोन खिडकीकडे वळवायला सांगितला. मी वळवला. पलीकडच्या कौलांवरून पाणी धो धो पडत होतं, आणि ठाण्यात बसलेली एक बाई माझ्यासोबत ते बघत होती. मग मी बोलायला लागलो. कुठे आवाज पोचला नाही तिथे त्या चॅटमध्ये टाईप करायच्या: 'सातवी पायरी. पुढे?' आईचा आवाज, डिझेलचा वास, खाली दुकानाचं शटर आतून धडकत होतं तो आवाज, दहावी, अकरावी. बाराव्या पायरीला मी थांबलो, कारण तिथे एक गोष्ट होती जी मी बायकोलाही सांगितली नव्हती. पाणी बाराव्या पायरीला आलं तेव्हा मी मनात ठरवत होतो की दोघींपैकी आधी कोणाला पत्र्यावर चढवायचं, आणि आईचं वय बघून मी तिला दुसरी ठेवली होती. दोन वर्षं मी आईच्या तोंडाकडे बघायला कचरत होतो.

मॅडमनी टाईप केलं: 'सांगितलंत. मी इथेच आहे. तेरावी?'

कोणी विचारतं की ऑनलाइनने खरंच होतं का, समोरासमोर बसायला नको का. माझ्यापुरतं सांगतो. रत्नागिरीत किंवा ठाण्यात एखाद्या कोरड्या, शांत खोलीत मी बसलो असतो तर बाराव्या पायरीपर्यंत पोचलो नसतो. माझी भीती या घरात होती, या पत्र्याखाली होती, आणि फोनमुळे थेरपी तिच्या दारात आली. पण ज्याच्या घरात बोलायला जागा नाही, किंवा घरातल्याच माणसाचा जाच आहे, त्याने प्रत्यक्ष जायचा मार्ग बघावा. आणि ज्याला भास होतात, किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार जोर धरतायत, त्याने फोनवरच्या सेशनची वाट न बघता दवाखाना गाठावा. हे मला मॅडमनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

ती गोष्ट मी पुढे चार वेळा सांगितली, एकदा लिहूनही काढली. पहिल्यानंतर तीन रात्री वाईट गेल्या, सांगितल्याप्रमाणे. चौथ्यांदा सांगताना मला त्यातली एक गोष्ट नव्याने आठवली. पहाटे पाणी थांबल्यावर आईने वरून हाक मारली होती, "चहा टाकलाय, ये रे." स्पिरिटच्या स्टोव्हवर तिने चहा केला होता. दोन वर्षं ते माझ्या लक्षातच नव्हतं.

बायकोला वाटायचं मी माळ्यावर जाऊन तिच्या तक्रारी करतो. तिने एकदा विचारलंही, "काय एवढं तासभर बोलता तिथे?" मॅडम म्हणाल्या, काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण रात्री काय मदत हवी एवढं तरी सांगा. मी तिला वही दाखवली. तिने पानं उलटली, काही बोलली नाही, आणि त्या रात्री मी उठायला लागलो तेव्हा नुसता हात धरून म्हणाली, "अहो, दहा मिनिटं झाली नाहीत अजून."

ऑक्टोबरात शेवटची प्रश्नावली भरली. सतराचे सहा झाले होते, तेराचे पाच. शेवटच्या दोन सेशनमध्ये पुढच्या पावसाची तयारी: कुठली लक्षणं दिसली की वही पुन्हा काढायची, किती दिवस स्वतः बघायचं आणि कधी फोन करायचा. 2024 च्या मे महिन्यात ठरल्याप्रमाणे एक सेशन घेतलं, जुलैत एक. त्या पावसात तीन वेळा मी रात्री जिना उतरलो. तिन्ही नोंदी वहीत आहेत.

त्याच जुलैत एका रात्री जाग आली तर बायको उठून बसली होती. म्हणाली, मला रोज यावेळी जाग येते, पुरापासून. तुम्ही उठायचात म्हणून मी पडून राहायचे. मला हे कधी दिसलं नव्हतं. कागदपत्रांच्या पिशव्या भरणारी तीच होती त्या रात्री.

"तुमच्या त्या मॅडम माझ्याशी बोलतील का?"

मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, नवरा-बायकोला वेगवेगळं एकाच व्यक्तीने घेऊ नये, दोघांनाही मोकळं बोलता येत नाही. त्यांनी आपल्या ओळखीच्या दुसऱ्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंचा नंबर दिला. हिने नोंदणी क्रमांक विचारला, मगच वेळ घेतली. आता गुरुवारी दुपारी दोनला माळा तिचा असतो. मी खुर्ची पुसून ठेवतो, पंख्याची वायर खिडकीपर्यंत ओढून देतो आणि खाली येऊन आईजवळ बसतो.